स्थूलतेचा उपचार : ताट बदलले, मन तसेच

वजन उतरवणे ही आज फारशी कठीण गोष्ट राहिलेली नाही. महिनाभरात पाच किलो, तीन महिन्यांत बारा किलो अशी आश्वासने मुंबई-पुण्यापुरती मर्यादित न राहता आता भ्रमणध्वनीवरून मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या घराघरांत पोहोचली आहेत. त्यांतील काही खरीही ठरतात. निश्चय केलेला मनुष्य दोन-तीन महिने अर्धपोटी काढतो, कमरेचा पट्टा दोन भोके आत जातो, नातेवाईक कौतुक करतात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. दोन वर्षांनी त्याच मनुष्याला पाहावे, तर पट्टा पूर्वीच्या भोकावर आलेला असतो आणि कौतुकाची जागा टोमण्यांनी घेतलेली असते.

अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1959 मध्ये स्थूलतेवरील तोवरच्या उपचारांचा आढावा घेऊन एक कठोर निष्कर्ष मांडला होता. बहुतेक स्थूल व्यक्ती उपचारात टिकत नाहीत. टिकतात त्यांपैकी बहुतेकांचे वजन फारसे उतरत नाही. आणि उतरते त्यांपैकी बहुतेकांचे ते पुन्हा वाढते. त्यानंतरच्या साडेसहा दशकांत शस्त्रक्रिया आल्या, औषधे आली, आहारशास्त्र कितीतरी पुढे गेले. परंतु या निष्कर्षाचा तिसरा भाग अद्याप पुसला गेलेला नाही. आहारतज्ज्ञ ताट पाहतो, मानसतज्ज्ञ मन पाहतो. आणि ते ताट व ते मन एकाच माणसाचे आहे, याची नोंद कोणाच्याच केसपेपरवर नसते. दीर्घकालीन उपचार फसण्याचे एक मोठे कारण येथे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (2015-16) देशातील 20.6 टक्के स्त्रिया आणि 18.9 टक्के पुरुष अतिवजन किंवा स्थूलतेच्या वर्गात होते. पाचव्या फेरीत (2019-21) हेच प्रमाण अनुक्रमे 24 आणि 22.9 टक्क्यांवर गेले. ही मोजणी बॉडी मास इंडेक्स 25 च्या जागतिक मर्यादेने केलेली आहे. भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये जी मर्यादा सुचवली, तीनुसार आपल्या लोकांचे अतिवजन 23 पासूनच सुरू होते आणि कंबरेचा घेर पुरुषांत 90, स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका मानावा लागतो. असे का, याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात मिळते. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचे शेजारी शेजारी उभे असलेले एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! वरून सडपातळ आणि आतून स्थूल अशा या भारतीय देहाची दखल त्या छायाचित्राने जगाला घ्यायला लावली. काटकुळ्या हातापायांचा आणि सुटलेल्या पोटाचा कोकणी गृहस्थ 'मला कुठे जाडेपणा?' असे विचारतो, तेव्हा काटा त्याच्या बाजूने बोलतो. कंबरेभोवतीची फीत मात्र बोलत नाही.

मग दोष कोणाचा? सर्वप्रथम भाताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, आणि त्याच्या पाठोपाठ नारळाला. हा आरोप घाईचा आहे. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, बांगड्याचे तिखले, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी यांवर या किनारपट्टीच्या अनेक पिढ्या पोसल्या. कुळथात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. बांगडा, तारली यांसारख्या स्वस्त मासळीत उत्तम प्रथिनांबरोबर हृदयाला हितकर अशी स्निग्धद्रव्ये असतात. तेव्हाचे ताटही भाताचेच होते. पण त्या ताटामागे रापण ओढणे होते, डोंगरउतारावरची भाताची लावणी होती, विहिरीचे पाणी होते, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चाललेले मैल होते. आता होडीला यंत्र आले, घरी नळ आला, दारात दुचाकी आली. हे सारे यायलाच हवे होते. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला याचे दुःख करणारा शहाणा नव्हे. मात्र श्रम गेले तरी भाताचा ढीग तेवढाच राहिला आणि त्याच्या जोडीला बेकरीची खारी, बिस्किटे, फरसाण, शीतपेये यांची भर पडली. कारखान्यातून प्रक्रिया होऊन आलेल्या या पदार्थांचा गुण असा की पोट भरल्याची खूण ते उशिरा देतात. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये केलेल्या छोट्या पण काटेकोर प्रयोगात अशा आहारावर ठेवलेली माणसे, मनसोक्त खाण्याची मुभा असता, दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी अधिक खात होती. घरगुती आहारावर तीच माणसे कमी खाऊन तृप्त होत होती.

एवढ्यावर थांबता आले असते, तर आहारतज्ज्ञाचा छापील तक्ता पुरेसा ठरला असता. तो पुरत नाही. मालवण तालुक्यातील कोणत्याही गावातील पन्नाशीच्या गृहिणीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, पती निवृत्त होऊन गावी आलेला किंवा अजून मुंबईत. घर मोठे, माणसे दोन. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 2001 च्या 8 लाख 68 हजारांवरून 2011 मध्ये 8 लाख 49 हजारांवर आली आणि त्या वर्षी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया होत्या, हे आकडे अशाच घरांची कथा सांगतात. ती स्वयंपाक करते तो सवयीने चार माणसांचा. उरलेले अन्न टाकवत नाही, कारण अन्न टाकणे हे पाप मानणाऱ्या संस्कारात ती वाढली; म्हणून ते तीच संपवते. दुपारी चहाबरोबर मालवणी खाजा तोंडात टाकते तो भुकेने नव्हे, तर त्या वेळी घरात बोलायला कोणी नसते म्हणून. घराला जोडून पर्यटकांसाठी निवास-न्याहारी चालू केली असेल, तर गोष्ट आणखी बिकट. पाहुण्यांना कोंबडीवडे वाढून, भांडी आवरून ती चार वाजता जेवायला बसते आणि दिवसभराची ओढाताण त्या एका जेवणात भरून काढते. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेली की डॉक्टर सांगतात, 'वजन कमी करा.' हाती एक कागद दिला जातो. त्यावर ओट्स, ब्राऊन ब्रेड, पनीर आणि सॅलड. हा कागद शीतकपाटावर चुंबकाने चिकटवला जातो आणि पंधरा दिवसांनी त्यावर वीजबिल चिकटते.

या गृहिणीला निग्रह नाही असे म्हणण्याचे धाडस कोण करील? संकष्टीपासून श्रावणी सोमवारापर्यंतचे उपवास तिने तीस-तीस वर्षे न चुकता केले आहेत. निग्रहाची कमतरता असलेली ही व्यक्ती नव्हे. तिचा कागद चुकला, कारण ती का खाते हे त्याने विचारलेच नाही.

उपासमारीचा मनावर काय परिणाम होतो, याचे अत्यंत बोलके उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकेतील मिनेसोटा येथे मिळाले. अन्सेल कीझ यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन पाव भागाने घटले. पण त्याहून विलक्षण होते ते त्यांच्या मनाचे वर्तन. ही मुले पाककृतींची पुस्तके वाचू लागली, अन्नाचीच स्वप्ने पाहू लागली, चिडचिडी आणि उदास झाली. निर्बंध उठल्यावर त्यांतील अनेकांना पोट भरले तरी थांबता येईना. पुढे 2011 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवून दिले की, दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवल्यानंतर वर्ष उलटले तरी भूक वाढवणारी संप्रेरके चढीच राहतात आणि तृप्तीची संप्रेरके उतरलेलीच. म्हणजे वजन उतरवलेला मनुष्य पूर्वीपेक्षा अधिक भुकेला असतो. त्याला 'तुला तोंडावर ताबा नाही' असे सुनावणारा शेजारी त्याच्या शरीरात चाललेल्या झगड्याबद्दल पूर्ण अनभिज्ञ असतो.

येथे मानसोपचाराचे काम सुरू होते. ते उपदेशाचे काम नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. वर्तनोपचारात रुग्ण स्वतःची नोंदवही ठेवतो : काय खाल्ले, किती वाजता, कोणाबरोबर, त्या वेळी मनात काय होते. दोन-तीन आठवड्यांत त्याला स्वतःच दिसू लागते की, भूक, कंटाळा, राग आणि एकटेपणा या चारही गोष्टींना आपण एकाच बरणीतून उत्तर देत होतो. मग ती बरणी ओट्यावरून माळ्यावर जाते, चहाच्या वेळी शेजारणीकडे किंवा देवळापर्यंत चक्कर ठरते, भात मोजक्या वाटीने शिजतो. दुसरी गोष्ट म्हणजे अपेक्षा. अमेरिकेत 1997 मध्ये गॅरी फॉस्टर व सहकाऱ्यांनी उपचारासाठी आलेल्या साठ स्त्रियांना 'किती वजन उतरावे?' असे विचारले, तेव्हा त्यांचे सरासरी ध्येय शरीराच्या 32 टक्के इतके निघाले. प्रत्यक्षात पाच ते दहा टक्क्यांनीही रक्तदाब आणि साखर सुधारते. ध्येय चुकीचे असले की चांगले यशही अपयश वाटते आणि उपचार सुटतो. तिसरी, आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे घसरणीनंतरचा विचार. एका हळदीच्या जेवणात पथ्य मोडले की 'आता मोडलेच आहे, तर मोडू दे' असे म्हणून पुढचे दोन महिने सोडून देण्याची प्रवृत्ती जवळपास प्रत्येकात असते. एक जेवण आणि दोन महिने यांतला फरक ओळखायला शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे.

मात्र केवळ मनावर काम करूनही भागत नाही. ऑक्सफर्डच्या झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी वजन पुन्हा वाढू नये यासाठीच खास मानसोपचार तयार केला. तीन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2010 मध्ये त्यांनी प्रांजळपणे प्रसिद्ध केले की, बहुतेकांचे वजन पुन्हा वाढले. शरीराची भूक समजुतीने मिटत नाही. तिला पुरेशी प्रथिने, तंतुमय पदार्थ आणि वेळेवरचे जेवण लागते. ज्या प्रयत्नांत आहारतज्ज्ञ, वर्तनतज्ज्ञ आणि व्यायाम एकत्र आले आणि वर्षानुवर्षे भेटी चालू राहिल्या, तेथे चित्र बरे दिसले. अमेरिकेतील 'लुक अहेड' या पाच हजारांहून अधिक मधुमेहींच्या अभ्यासात आठ वर्षांनंतरही निम्म्या रुग्णांनी किमान पाच टक्के वजन कमी राखले होते. त्या अभ्यासातून हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही, हेही सांगायला हवे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासाने तर काट्याचेच महत्त्व कमी केले : आहार-व्यायामाचा सल्ला आणि दूरध्वनीवरून नियमित पाठपुरावा यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटले, वजन मात्र विशेष उतरले नव्हते!

महाराष्ट्राने काही वर्षांपूर्वी या विषयावर मोठा वाद अनुभवला. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या विचारावर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवण्याची पद्धत एकीकडे आणि थोड्या थोड्या वेळाने स्थानिक अन्न खावे असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दुसरीकडे. घराघरांत, लग्नांच्या पंगतीत, कचेऱ्यांच्या डब्यांवर पक्ष पडले. दोघांनीही लाखो लोकांना आपल्या ताटाकडे गंभीरपणे पाहायला लावले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद. परंतु चर्चा फिरत राहिली ती 'किती वेळा' या शब्दांभोवती. ज्याला रात्री अकरा वाजता दुकान बंद करून आल्यावर एकट्याने जेवावे लागते, त्याने दोनदा खावे की सहादा, या प्रश्नाआधी तो त्या वेळी कोणत्या मनःस्थितीत खातो हा प्रश्न यायला हवा होता.

आपल्या परंपरेत ही जाणीव नव्हती असे नाही. चरकसंहितेने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा विचार केला आहे आणि त्यांत अतिस्थूलाचा उपचार अधिक दुष्कर मानला आहे. स्थूलतेची कारणे सांगताना जड, गोड, स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोप यांच्या बरोबरीने चरकाने मनाची अवस्थाही मोजली, आणि बीजाचा म्हणजे अनुवंशाचा स्वभावही. दोष सगळा खाणाऱ्याच्या माथी मारू नये, हे त्यात आलेच. चरकाने निश्चिंत, सदैव हर्षित मनाला कारण ठरवले. आजच्या रुग्णात बहुधा उलट दिसते, तो चिंतेने खातो. ग्रंथ जुना आहे म्हणून आजच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्यात शोधण्याचा अट्टहास नको. पण उपचारासाठी त्याने सुचवलेला आहार पचायला जड आणि पोषणाला हलका, म्हणजे पोट भरवणारा पण पुष्ट न करणारा आहे, आणि मन लावून जेवावे हा नियमही त्याच ग्रंथाचा आहे. दूरदर्शन संचासमोर ताट घेऊन बसणाऱ्या पिढीला तो नियम नव्याने सांगण्याची वेळ आली आहे. जेवणाआधी श्लोक म्हणण्याच्या घरगुती प्रथेने जे क्षणभराचे थांबणे साधत होते, तेच आज मानसतज्ज्ञ शुल्क घेऊन शिकवतात.

या मार्गातला मोठा अडथळा लोकलज्जेचा आहे. कोकणात रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या थट्टेत घेतले गेले. तेथे जाणारा तो वेडा, असा शिक्का. त्यामुळे वजनासाठी मानसतज्ज्ञाकडे जा म्हटले की घरचे दचकतात. वास्तविक नैराश्य आणि स्थूलता यांचे नाते दुहेरी आहे. 2010 मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले की, स्थूल व्यक्तीला नैराश्य येण्याचा संभव 55 टक्क्यांनी आणि नैराश्यग्रस्ताला स्थूलता येण्याचा 58 टक्क्यांनी अधिक असतो. शिवाय मनोविकारांवरील काही औषधे स्वतःच वजन वाढवतात. रुग्ण एका दारी औषध घेतो, दुसऱ्या दारी पथ्य, आणि दोन्ही वैद्य एकमेकांशी बोलत नाहीत; मग एकाने विणलेले दुसऱ्याने उसवायचे, असा प्रकार होतो.

2025 मध्ये वजन घटवणारी नवी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. ती प्रभावी आहेत, गरजू रुग्णाने वैद्यकीय सल्ल्याने ती घेण्यात गैर काही नाही. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आहे. सुईने भूक मिटते. सवय तिच्या जागी थांबून राहते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी 2025 च्या 'मन की बात'मध्ये खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. हे आवाहन कुटुंबाला उद्देशून होते, हा त्यातला मोलाचा भाग. तेल एका व्यक्तीचे कमी होत नाही, ते कढईचेच कमी व्हावे लागते.

सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात यासाठी नवी इमारत उभारण्याची गरज नाही. गावोगावची उपकेंद्रे आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली आहेत आणि त्यांच्याकडे सोपवलेल्या बारा सेवांच्या यादीत असंसर्गजन्य रोगांची तपासणीही आहे आणि मानसिक आरोग्यही. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा अर्ज भरताना आशासेविका कंबरेचा घेर विचारतेच. महाराष्ट्रात या केंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने आहेत; चरकाचा तो अध्याय त्यांनी अभ्यासलेला असतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वतंत्रपणे चालतो आणि 2022 पासून टेलिमानसची 14416 ही दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. उणीव आहे ती या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याची. घेर 80 वा 90 च्या पुढे गेलेल्या व्यक्तीला रक्तातल्या साखरेबरोबर 'झोप कशी लागते, घरात कोण कोण असते, रात्री उठून खाता का' हे तीन प्रश्न विचारले जावेत. तक्ता द्यायचा तर तो पेज, कुळीथ, बांगडा, शेवग्याची भाजी यांचा द्यावा, आणि तो घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसमोर बसून लिहावा.

आणि पाठपुरावा वर्षभराचा असावा, चतुर्थीसह. चाकरमानी गावी येतात, रात्री भजनाची मंडळी घरोघर फिरतात, प्रत्येक घरी उसळ, लाडू आणि चहा. 'नको' म्हणणे हा यजमानाचा अपमान. त्या दिवसांत पथ्य मोडणार हे गृहीत धरूनच बचत गटातील दहा-बारा जणींनी विसर्जनानंतरच्या आठवड्यात उपकेंद्रावर वजनाचा दिवस ठरवावा. काटा दीड किलो वर दिसला, तर तो आकडा वहीत लिहून पुढील महिन्याची तारीख द्यायची आणि चहाऐवजी सोलकढी पिऊन घरी परतायचे.